शेल खातं की टीसीपी-आयपी?

15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं. ते फोनच्या तारेवरून जोडायचं, आणि तेव्हा खाती दोन तऱ्हांची होती. शेल खातं स्वस्त. विद्यार्थ्यांना तर वर्षाला 500 रुपयांत. यात प्रोग्रॅम चालायचे पलीकडच्या, म्हणजे व्हीएसएनएलच्या, युनिक्स मशीनवर, आपला पीसी म्हणजे नुसता पडदा. लिंक्स या फक्त अक्षरं दाखवणाऱ्या ब्राउझरमध्ये वेबपान उघडलं की चित्राच्या जागी कंसातला एखादा शब्द दिसे. फाइल हवी तर आधी ती त्या पलीकडच्या मशीनवर उतरवा, मग झेडमोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीने घरी आणा. दुहेरी हेलपाटा! पण जुन्या 386 पीसीवरही पाइन या मेल प्रोग्रॅममधली मेल झटकन उघडे, हे विसरू नये.

टीसीपी-आयपी (इंटरनेटवरचे संगणक ज्या नियमांनी बोलतात ते) खातं महाग, पण पीसीला इंटरनेटवरचा स्वतःचा आयपी पत्ता मिळे. मग विंडोजला इंटरनेटशी जोडणाऱ्या विनसॉकच्या आधाराने नेटस्केप (ब्राउझर), युडोरा (मेल), एमआयआरसी (गप्पा) असे कुणाचेही प्रोग्रॅम एकाच वेळी चालत. युडोरात पत्रं फोन न जोडता लिहायची आणि दोन मिनिटांत पाठवून मोकळं व्हायचं. मोजून मिळालेल्या तासांत ही बचत मोठी होती.

मधली वाटही होती: स्लर्प. हा प्रोग्रॅम शेलमध्ये चालवला की ते खातं टीसीपी-आयपीसारखं वागे आणि साध्या शेल खात्यावरही नेटस्केप चाले. मला तीच वाट सर्वांत प्रिय. पाचशे रुपयांत चित्रांसकट वेब दाखवणारी.