थरांची सुशी घरी: डब्यात दाबायची, वाडग्यात पसरायची की भाजायची?

शनिवारी सहा माणसं जेवायला आहेत आणि डोक्यात सुशी शिरली आहे, तर बांबूच्या चटईच्या वाटेला जाऊ नका. रोल हाताला बसेपर्यंत चार-पाच तरी फसतात. न वळता करायच्या तीन सुशी आहेत आणि माझं मत आधीच सांगते: पाहुण्यांसाठी दाबलेली, घरच्यांसाठी पसरलेली.

दाबलेली म्हणजे ओशीझुशी, ओसाकाची खासियत. लाकडी साच्यात भात आणि मासा दाबून बसवायचा, साचा काढायचा, वड्या पाडायच्या. नारळाच्या वड्या थापणाऱ्या हाताला यात नवं काही नाही. तिथल्या 'बात्तेरा' या साबा माशाच्या (जपानी बांगड्याच्या) सुशीचं नाव छोट्या होडीसाठीच्या पोर्तुगीज शब्दावरून पडलं. आपल्याला पाव आणि पगार हे शब्द देणारे तेच लोक. यामागुचीतल्या इवाकुनीत तर मोठ्या चौकटीत थरावर थर रचून दाबतात आणि मग चौकोनी तुकडे करतात.

साचा विकत आणू नका. ब्रेडचा लांबट टिन किंवा स्टीलचा चौकोनी डबा घ्या आणि आत क्लिंग फिल्म कडांबाहेर लोंबेल अशी अंथरा. तळाशी आधी मासा, कारण डबा उलटल्यावर तोच वर येणार. त्यावर बोटभर भात, मधे नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पापुद्रा) नाहीतर भाजलेले तीळ, पुन्हा भात. फिल्म दुमडून त्यावर डबाभर डाळीचं वजन वीस मिनिटं. कापताना सुरी व्हिनेगरच्या पाण्यात बुडवायची आणि दर कापानंतर पुसायची. इथे आळस केला की कडा फाटतात.

खरी परीक्षा भाताची. ३०० ग्रॅम तांदळाला साधारण ६० मिली राइस व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर, एक छोटा चमचा मीठ. भात गरम असतानाच हे ओतून उलथन्यानं कापल्यासारखं मिसळायचं, घोटायचं नाही. जपानी तांदूळ मिळाला तर प्रश्नच नाही, नाहीतर इंद्रायणी, तोही नवा. मी पहिल्यांदा बासमतीवर केली होती. डबा उलटला आणि ताटात चक्क कोलंबीभात पसरला.

वाडग्यातली चिराशीझुशी यातली सर्वांत सोपी. ३ मार्चला, हिनामात्सुरी या मुलींच्या सणाला, जपानमध्ये ती घरोघरी होते. आंबट-गोड भात पसरायचा आणि वर कोलंबी, अंड्याच्या पातळ पोळीच्या चिरफळ्या, मटार. ओकायामाकडे या जातीच्या सुशीची एक आख्यायिका आहे: सरदार इकेदा मित्सुमासानं जेवणात एक सार आणि एकच तोंडीलावणं ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा लोकांनी मासे भाताखाली दडवले. फसायची भीती इथे जवळजवळ नाहीच. पण सजावट ऐन वेळी करावी लागते, म्हणजे पाहुणे गप्पा मारणार आणि तुम्ही ओट्याशी.

तिसरी 'सुशी बेक'. २०२० च्या लॉकडाउनमध्ये फिलिपिन्समध्ये ती फार गाजली. भातावर मेयोनीज घातलेला खेकडा किंवा सॅमन, वरून ओव्हन, मग नोरीच्या तुकड्यात घेऊन खायची. मुलं ताट चाटतात. मला दुसऱ्या घासाला मेयोनीजशिवाय कसलीच चव लागत नाही.

मासा कच्चा घ्यावा का? बाजारातला ताजा मासा म्हणजे कच्चा खाण्याजोगा मासा नव्हे. अनिसाकिस नावाचा परजीवी व्हिनेगरनं मरत नाही. तो मारायला जपानचं आरोग्य मंत्रालय उणे २० अंशांवर २४ तास गोठवायला सांगतं, अमेरिकेचा अन्न-औषध विभाग त्याच तापमानाला सात दिवस. घरचा फ्रीझर तिथवर पोचेलच याची खात्री नसते. म्हणून शिजवलेलंच वापरा. कोलंबी उकडताना पोटाच्या बाजूनं काडी खुपसली की ती वाकत नाही आणि थर सपाट बसतो. बांगडा मीठ लावून भाजा, काटे काढा आणि दाबा. फुकुईत भाजलेल्या साबाची अशीच सुशी विकतात.

दाबलेली सुशी पाहुणे येण्याच्या तासभर आधी करून फिल्ममध्येच गुंडाळून ठेवा, कापा मात्र वाढताना. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली तर भात खड्यासारखा होतो. उन्हाळ्यात बाहेरही दोन तासांपेक्षा जास्त नको, तेव्हा उरेल इतकी करूच नका.