बुलेट टीथच्या नावाखाली ६,५१,३६० रुपयांचा चुना

लिहू की नको यात दोन महिने गेले. बावीस वर्षं या धंद्यात आहे. दोन पाइलिंग रिग आहेत, म्हणजे बांधकामाच्या पायासाठी जमिनीत खोल भोकं पाडणारी यंत्रं, हिंगणा रोडला छोटंसं यार्ड आहे. अशा माणसाने बुलेट टीथ, म्हणजे रिगचे दगड फोडणारे गोल दात, म्हणून रंग मारलेलं भंगार नवं समजून विकत घेतलं, हे सांगायची लाज वाटते. पण परवा वाडीच्या एका मित्राचा फोन आला. त्याच्याकडेही कोणीतरी ‘तिप्पट टिकणारा’ दात दाखवायला येऊन राहिलंय. नाव वेगळं, बोलणं अक्षरशः तेच. म्हणून लाज बाजूला ठेवली.

नागपुरात ज्यांनी जमिनीत भोक पाडलंय त्यांना इथला दगड सांगायला नको. पश्चिमेला काळा बेसाल्ट, पूर्वेला नाईस नावाचा दगड. बेसाल्ट चिवट असतो, पण नाईसमधला क्वार्ट्झ दात अक्षरशः खातो. गेल्या डिसेंबरात आमचं काम पूर्वेकडच्या एका साइटवर होतं. वरची माती-मुरूम संपली की खाली सॉकेट, म्हणजे पाइलचा (पायाच्या काँक्रीट खांबाचा) दगडात रुतणारा भाग, सगळा नाईसमध्ये. एका पाइलला आठ-दहा दात जात होते. मुख्य कंत्राटदार रोज संध्याकाळी फोन करून किती पाइल झाले विचारायचा, आणि उशिराचा दंड करारात लिहिलेलाच होता. माझी मनःस्थिती काय होती ते यावरून समजा. हे सफाई म्हणून नाही सांगत. बरं, सफाई म्हणूनच सांगतोय.

तो दात विकणारा आला तेव्हा त्याने एकही गोष्ट चुकीची सांगितली नाही, हे आधी मान्य करतो. आपला गोल दात होल्डरमध्ये (दात बसवायच्या खोबणीत) मोकळा फिरला पाहिजे, दात थोडा तिरका बसवलेला असतो म्हणून दगडाच्या घर्षणाने तो स्वतःभोवती फिरत राहतो आणि चारी बाजूंनी सारखा झिजतो, फिरायचा थांबला की एका अंगाने चपटा होतो आणि मग टिप उडते. बरोबर. टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाची टिप (टोक) टिकते, पण तिच्या खालचं पोलाद आधी घासून जातं आणि आधार सुटल्यावर चांगली टिपसुद्धा निखळून पडते. हेही बरोबर. त्यावर उपाय म्हणून टिपेखालच्या पोलादावर कार्बाइडचा कठीण थर चढवतात. असे दात खरोखर मिळतात, महाग असतात. त्याने हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. माहिती खरी होती, माल खोटा होता. या जातीच्या चोराला आपल्या धंद्याचा अभ्यास असतो.

त्याचा भाव होता नगाला १,१५० रुपये. मी वापरत होतो त्यापेक्षा महाग, आणि तिथेच मी फसलो. स्वस्त सांगितलं असतं तर माझे कान टवकारले असते.

डेमोला त्याने सहा दात आणले. आमच्या रॉक ऑगरला (रिगच्या दगड पोखरणाऱ्या स्क्रूला) लावले, दीड पाइल मारला. काढून पाहिले तर टिपेची चमकही गेली नव्हती. आता कळतं की त्या पाइलचा वरचा बराच भाग कुजलेल्या दगडात होता. शिवाय ते सहा दात बहुतेक एखाद्या चांगल्या कंपनीचेच होते, वरून काळा रंग मारलेले. डेमो संपल्यावर त्याने सहाही दात मोजून लाल कापडाच्या पिशवीत टाकले. ‘लॅबला पाठवायचे, झीज मोजायची आहे.’

आमचा ऑपरेटर, ज्याला साइटवर सगळे दादा म्हणतात, पुढे झाला. म्हणाला, “एक ठेवून द्या ना साहेब आमच्यापाशी. माल आला का ताडून पाहू.”

तो हसला. “दादा, पेटंटचा माल आहे. असा साइटवर सोडता येत नाही.”

दादा माझ्याकडे बघून म्हणाला, “भाऊ, एक दात मागून राह्यलो मी, सोनं नाही मागून राह्यलो.”

आणि मी, बावीस वर्षांचा अनुभवी, चारचौघांत दादाला गप्प केलं. म्हटलं, “तू रिग पाहा, खरेदी मी पाहतो.” हे वाक्य रात्री झोपताना अजून कानात वाजतं. सहा लाख गेले त्याचं दुःख वेगळं, पण ज्या माणसाला आवाजावरून कळतं की ऑगरचा कोणता दात गेला, त्याचं तोंड मी बंद केलं आणि पिशवीवाल्याला चहा पाजला. जो नमुना मागे सोडत नाही त्याला दारातूनच परत पाठवा. यापलीकडे काही वाचलं नाही तरी चालेल.

ऑर्डर ४८० नगांची. ४८० गुणिले १,१५० म्हणजे ५,५२,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ९९,३६०. एकूण ६,५१,३६०. निम्मे, ३,२५,६८० रुपये, ऑर्डरसोबत आरटीजीएस केले. उरलेले ३,२५,६८० बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर द्यायचे ठरले. फोटो आला, मी दुपारी बँकेत जाऊन पैसे टाकले. फोटोत बिल्टीचा खालचा भाग कापलेला होता. कागद हातात आल्यावर पाहिलं तर मालाची किंमत ४८,००० लिहिलेली. का ते धंदेवाल्यांना लगेच कळेल. परराज्यातून येणारा माल ५०,०००च्या वर गेला की ई-वे बिल, म्हणजे ऑनलाइन काढलेला मालवाहतुकीचा कागद, लागतं. सहा लाखांच्या मालाला ई-वे बिल नाही आणि मी विचारलंही नाही. ई-वे बिलाचा नंबर हातात येईपर्यंत उरलेला पैसा सोडू नका. बिल्टीचा फोटो म्हणजे पुरावा नव्हे, फोटो म्हणजे फोटो.

जीएसटी नंबर तपासला नव्हता का, असं प्रत्येक जण विचारतो. तपासला होता हो! पोर्टलवर ‘ॲक्टिव्ह’ दिसला आणि मी खूश झालो. त्याच पानावर नोंदणीची तारीख असते, रिटर्न भरले की नाही तेही दिसतं. नोंदणी पाच आठवड्यांची होती आणि रिटर्न एकही नाही. मी एक शब्द वाचून पान बंद केलं. आता नंबर रद्द झालाय. त्याने कर भरलाच नाही, त्यामुळे माझं ९९,३६०चं क्रेडिटही (माझ्या करातून मिळणारी वजावट) गेलं. आमचे सीए म्हणाले, “विसरा.” त्यांच्या फीचं बिल मात्र ते विसरले नाहीत.

लॅब रिपोर्टही होता बरं का, शिक्क्यासकट. नंतर मी त्या लॅबला फोन केला तर त्या नंबरचा रिपोर्ट काँक्रीट क्यूबच्या तपासणीचा निघाला. हा फोन आधी केला असता तर दोन मिनिटं लागली असती.

माल आला तेव्हा वरच्या पेटीतले २४ दात बरे होते. दादाने तेच आधी लावले, त्यामुळे पहिला दिवस नीट गेला आणि मी त्याला वर टोमणाही मारला. दुसऱ्या दिवशी खालच्या पेट्या उघडल्या. पहिल्याच पाइलला ऑगर थरथरायला लागला. वर काढला तर दात एका बाजूने तासल्यासारखे झालेले, चार टिपा गायब. दादाने एक दात हाताने फिरवून पाहिला. फिरला नाही. दात धरणाऱ्या क्लिपचं माप इतकं घट्ट की हातोडीनेच आत गेला होता आणि तिथेच रुतून बसला. “भाऊ, हे फिरून नाही राह्यले. काहून आणले असे?” एवढंच बोलला. जास्त बोलला असता तर बरं झालं असतं.

यार्डात आणून एक दात उभा कापला. टिपेचं कार्बाइड आत खोल रुतलेलं असायला हवं, इथे वरून टोपी बसवावी तसा जेमतेम तुकडा, तोही अर्धवट ब्रेझिंगने चिकटवलेला. अंगाचं पोलाद कडक केलेलंच नाही. चांगल्या दातावर कानस जेमतेम ओरखडा काढते, इथे भुसा पडत होता. आणि तो कठीण थर? थिनर लावला, निघून आला. ऑइल पेंट!

तुम्ही हे दुकानातच पाहू शकता. खिशात एक छोटी कानस ठेवा, टिपेवर ती अजिबात चालायला नको. तुमच्या जुन्या, चांगल्या दाताच्या शेजारी तोच नंबर असलेला नवा दात वजनकाट्यावर ठेवा. कार्बाइड पोलादाच्या जवळजवळ दुप्पट जड असतं, त्यामुळे आतून चोरलेलं कार्बाइड काट्यावर कळतं. होल्डरमध्ये बसवून बोटांनी फिरवा. पेटीच्या तळातला दात काढा, वरचा नको.

मोडलेल्या दातांवर ऑगर ओढत राहिल्याने १४ होल्डर घासून गेले. नवे बसवून वेल्डिंग करायला ३२,२०० रुपये. रिग चार दिवस उभी, दिवसाला २८,००० प्रमाणे १,१२,०००. वकिलाची नोटीस ३,५००. सगळं मिळून ७,९९,०६०. बायको म्हणाली, आठ लाखच म्हणा ना. मी ९४० रुपयांसाठी तिच्याशी भांडलो. माणूस असा होऊन जातो.

आता ज्यांनी मदत करायची होती त्यांच्याविषयी.

ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, “माल मिळाला का?” मिळाला. “मग फसवणूक कुठे? क्वालिटीचा वाद आहे, दिवाणीत जा.” मी कापलेला दात टेबलावर ठेवला, खोटा रिपोर्ट ठेवला, खोट्या किमतीची बिल्टी ठेवली. ४२० गेली, आता न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, तेवढं मीही वाचून गेलो होतो. ते म्हणाले, “तुम्ही कायदा शिकवता का?” अर्ज ठेवून घेतला. पोच मागितली तर साहेब राउंडला गेले, उद्या या. उद्या गेलो तर बंदोबस्त होता. परवा गेलो तर अर्ज सापडत नव्हता, आणि झेरॉक्स आणायला मलाच पाठवलं.

सायबरवाल्यांकडे गेलो. तुम्ही ओटीपी दिला नाही, लिंक उघडली नाही, स्वतः बँकेत जाऊन पैसे भरले, मग हा सायबर गुन्हा होत नाही. म्हणजे मी मोबाइलवर मूर्ख ठरलो असतो तर चाललं असतं, काउंटरवर मूर्ख ठरलो म्हणून कोणी वाली नाही. मोठ्या कार्यालयात गेलो तर रक्कम लहान आहे म्हणाले. माझ्यासाठी ती दोन्ही रिगच्या तीन महिन्यांच्या हप्त्यांची रक्कम आहे, साहेब. बँक म्हणाली, समोरच्या खात्याची माहिती हवी तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, आधी खात्याची माहिती आणा, मग पत्राचं पाहू. या दोन खिडक्यांमध्ये माझ्या ११ चकरा झाल्या आहेत. मोजल्यात. ग्राहक मंचाचं विचारलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेला माल त्या कायद्यात बसत नाही. नोटीस ‘असा पत्ता नाही’ म्हणून परत आली. आता दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचं ठरतंय, त्याची फी वकील अजून सांगत नाहीत, आणि तेच जास्त भीतीदायक आहे.

मागच्या आठवड्यात ठाण्यात गेलो तेव्हा पुरावा म्हणून दिलेला माझा दात हवालदारसाहेबांच्या कागदांवर ठेवलेला होता. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून. तेवढं काम तो चांगलं करतो.

जाता जाता दोन गोष्टी, कारण या चोराच्या नादी लागायची वेळ आपल्यावर का येते, त्यात आपलाही दोष आहे. आमचे निम्मे दात तर आम्हीच मारत होतो. नाईसमध्ये रिगचे आरपीएम कमी ठेवून दाब द्यायचा असतो, आम्ही घाईत उलटं करत होतो, आणि दात कापायच्या ऐवजी घासत होते. होल्डरमध्ये दगडाचं पीठ भरून दात जाम होतो, ते रोज पाण्याने धुवायचं, हाताने फिरवून पाहायचं. दहा मिनिटांचं काम आहे. काही ऑपरेटर दात पडू नये म्हणून सरळ वेल्डिंगचा टाका मारतात, त्यांना रिगवरून उतरवा. आणि दात पार बुंध्यापर्यंत झिजू देऊ नका, होल्डर गेला तर खर्च चौपट. हे सगळं केल्यावर त्याच साइटवर, जुन्याच दातांवर, पाइलला पाच-सहावर आलो. पंधरा दिवस आधी केलं असतं तर त्या लाल पिशवीवाल्याला गेटवरूनच परत पाठवलं असतं.

ज्याला असा फोन आला असेल त्याने मला कळवा. दोघे-तिघे एकत्र गेलो तर अर्ज हरवणं जरा अवघड जाईल.

उरलेले चारशेवर दात पोत्यांत भरून यार्डाच्या शेडमध्ये पडलेत. पुरावा आहे, भंगारात देता येत नाहीत. आता नवीन पेटी आली की दादा तळातला एक दात काढतो, होल्डरमध्ये बसवतो आणि काही न बोलता बाजूला सरकतो. मी पुढे होऊन तो फिरवून पाहतो.