रायफलीची हार्ड केस आणि पुण्याहून विमानप्रवास: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीनंतर मी माझ्या दहा मीटर एअर रायफलीसाठी (दहा मीटरवरच्या निशाण्यावर हवेच्या दाबाने छर्रा मारणारी स्पर्धेची रायफल) चाके असलेली एक लांब हार्ड केस, म्हणजे कठीण कवचाची पेटी, घेतली, आणि तेव्हापासून स्पर्धांच्या निमित्ताने ती दिल्ली, भोपाळ आणि ऐन पावसाळ्यात तिरुवनंतपुरम अशी हिंडून आली आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीच्या केसेस तीन-चार कंपन्या बनवतात आणि खाली लिहिलेले बहुतेक गुणदोष त्या सगळ्यांना कमी-अधिक लागू पडतील. २०२४ साली पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे झोपून आणि उभे राहून) कांस्यपदक मिळवल्यापासून बालेवाडीच्या रेंजवर नव्याने येणाऱ्या मुलांचे पालक 'विमानाने रायफल नेता येते का, आणि कशातून न्यायची' हा प्रश्न नेहमी विचारतात. त्यांना प्रत्येक वेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिलेले बरे.

ही केस मुळात अमेरिकेतील शिकाऱ्यांसाठी घडवलेली आहे, आणि ते तिच्या प्रत्येक भागात दिसते. आतली जागा दुर्बीण बसवलेली शिकारी रायफल डोळ्यांसमोर ठेवून आखली आहे, आणि सोबतच्या पुस्तिकेत हरणांच्या मोसमाच्या गोष्टी आहेत. कुलपाच्या भोकांभोवतीची पोलादी पट्टी त्यांच्या देशातील नियमासाठी आहे: बंदूक रिकामी असावी, पेटी कठीण कवचाची व कुलूपबंद असावी, काउंटरवर ती जाहीर करावी आणि किल्ली प्रवाशाकडे राहावी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही जवळजवळ संपली, त्यामुळे पुण्याहून रायफल घेऊन विमानात बसणारा माणूस हा बहुधा माझ्यासारखा कागदी निशाण्यावर छर्रे मारणाराच असतो. केसला अर्थात त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो वजनाला.

रिकामी केस फोमसह अकरा किलोंच्या पुढे जाते. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे एअर रायफल साडेपाच किलोंपेक्षा जड असू शकत नाही, माझी पाच किलोंच्या आत आहे, तरीही दोन्ही मिळून सोळा किलो होतात. देशांतर्गत प्रवासात बहुतेक विमान कंपन्यांच्या साध्या तिकिटावर चेक-इन सामानाची मर्यादा पंधरा किलो असते. म्हणजे कपडे, बूट, छर्रे, अवजारे यांचा विचार करण्याआधीच जादा वजनाचे पैसे सुरू झाले, आणि काही कंपन्या शस्त्र हाताळणीचे वेगळे शुल्क घेतात ते निराळेच. मी जॅकेट, ट्राउझर आणि शूटिंगचे बूट केबिन बॅगेत ठेवतो. सात किलोंत ते कसेबसे बसतात. यात एक सोय अशी की सामान चुकून मागे राहिले तरी अंगाला बसलेले जॅकेट आपल्यापाशी राहते. रायफल एखाद्या सहकाऱ्याची मागून घेता येईल, जॅकेट येणार नाही. छर्रे मात्र केबिनमध्ये अजिबात नेऊ नयेत. पाचशे छर्र्यांचा डबा पाव किलोच्या आसपासच भरतो, पण शिशाचा तो गच्च डाग क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर चटकन नजरेत भरतो आणि तिथे समजावत बसायला कोणालाच वेळ नसतो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे काउंटर. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर, व्यासाच्या आणि २० जूलच्या आत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलीची ऊर्जा साधारण साडेसात जूल असते, तेव्हा कायद्याने प्रश्न मिटलेला आहे. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला मात्र समोर एक चार फुटी रायफल दिसत असते आणि त्याचा पहिला प्रश्न 'लायसन्स?' हाच असतो. त्यात त्याची काही चूक नाही. नेमबाज त्याच्यासमोर रोज येत नाहीत, आणि शंका असताना बंदूक पुढे सोडणे हे त्याच्या नोकरीच्या दृष्टीने फारच महागात पडू शकते. म्हणून मी खरेदीचे बिल, उत्पादकाचे व्यास आणि ऊर्जा नमूद केलेले माहितीपत्रक, राज्य आणि राष्ट्रीय रायफल संघटनेची ओळखपत्रे आणि स्पर्धेचे प्रवेशपत्र अशी छापील चळत केसच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पारदर्शक पाकिटात चिकटवून ठेवली आहे. झाकण उघडताच आधी कागद दिसतात आणि मग रायफल. या क्रमाचा जो परिणाम होतो तो कोणत्याही युक्तिवादाने होत नाही.

याच ठिकाणी केसचा खरा उपयोग मला जाणवला. पूर्वीच्या कापडी बॅगेतून रायफल दाखवायची म्हणजे ती बाहेर काढावी लागे, आणि भर गर्दीत हातात रायफल धरून उभे राहणे हे पाहणाऱ्यांना जितके नकोसे वाटते तितकेच ते आपल्यालाही वाटते. हार्ड केस जमिनीवर आडवी ठेवून उघडली की रायफलीला हातही न लावता सारे दाखवता येते: उघडा ठेवलेला बोल्ट, नळी रिकामी असल्याचे दाखवणारा, तिच्यातून आरपार गेलेला नारिंगी सेफ्टी फ्लॅग, शेजारच्या खाचेत सुटा ठेवलेला हवेचा सिलिंडर, डायॉप्टर (नेम धरायची मागची साइट) वेगळा. सुरक्षा कर्मचारी वाकून बघतो, नंबर बिलाशी जुळवतो, घोषणापत्रावर सही घेतो आणि कुलूप लावायला सांगतो. केस पट्ट्यावर मावत नसल्यामुळे ती मोठ्या सामानाच्या बाजूने जाते. दिल्लीला ती मला दरवेळी सामानाच्या पट्ट्यावर न येता कर्मचाऱ्याच्या हातून, सही करून मिळाली आहे, तेव्हा पट्ट्याकडे डोळे लावून बसण्यापेक्षा उतरल्याबरोबर विमान कंपनीच्या माणसाला विचारावे. पुण्यात मी नेहमीच्या वेळेपेक्षा तासभर आधी पोहोचतो. लोहगाव हा हवाई दलाचा तळ असल्यामुळे आवारात केस उघडून फोटो काढण्याचा मोह अर्थातच टाळावा. हे सांगायचे कारण असे की तो मोह झालेले पालक मी पाहिले आहेत.

सिलिंडरबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत जास्त खोळंबा त्यावरून होतो. आजच्या स्पर्धेच्या एअर रायफली २०० बारपर्यंत भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालतात, आणि दाबाखालील हवेने भरलेला असा सिलिंडर सामानात चालत नाही. तो रायफलीपासून सोडवून पूर्ण रिकामा करावा लागतो. रायफलीसोबत हवा सोडण्यासाठी एक छोटा स्क्रू किंवा अडॅप्टर मिळतो. तो बहुतेकांच्या घरी मूळ खोक्यातच पडून असतो, तो शोधून केसमध्ये कायमचा ठेवावा. हवा घरीच, सावकाश सोडावी. घाईने सोडली तर सिलिंडर गार पडतो आणि दमट हवेत त्यावर पाणी धरते. काटा शून्यावर आलेला दिसावा अशा रीतीने सिलिंडर खाचेत ठेवला की निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत. उरलेला एक प्रश्न तारखेचा: युरोपीय बनावटीच्या या सिलिंडरांना उत्पादक साधारणपणे दहा वर्षांची मुदत देतात आणि तारीख अंगावर कोरलेली असते. जुनी रायफल विकत घेणाऱ्यांनी ती आधी बघावी. स्पर्धेच्या ठिकाणी हवा भरायची सोय असतेच, पण सरावाच्या दिवशी सकाळी तिथे रांग लागते.

केसच्या पुढच्या अंगाला एक छोटी झडप आहे, जिच्याकडे खरेदीच्या वेळी माझे फारसे लक्ष नव्हते आणि जी आता मला सर्वांत आवडते. झाकणाच्या कडेने रबरी सील फिरलेले असल्यामुळे बंद केस हवाबंद होते. विमान वर जाते तेव्हा सामानाच्या कप्प्यातला दाब कमी होतो आणि आतली हवा बाहेर पडू पाहते. खाली उतरताना उलटे होते आणि बाहेरचा दाब झाकणाला आत दाबतो. झडप हाताने फिरवायची असेल आणि ती फिरवायची राहून गेली, तर उतरल्यावर कड्या सोडूनही झाकण उघडत नाही. माझ्या केसची झडप आपोआप चालणारी आहे: हवा येते-जाते, पाणी आत येत नाही. तिरुवनंतपुरमला धो धो पावसात सामानाची गाडी उघड्यावर उभी होती, बाहेरून केस चिंब भिजली होती, आत फोम कोरडा होता. तरीही दमट गावी पोहोचल्यावर केस लगेच उघडू नये, हे मी सर्वांना सांगतो. विमानात गार झालेल्या पोलादावर बाहेरची दमट हवा लागली की क्षणात वाफ धरते. खोलीत तासभर बंदच ठेवावी आणि सिलिका जेलच्या पुड्या मधूनमधून तव्यावर शेकून पुन्हा वापराव्यात.

फोमबाबत मी समाधानी नाही. कंपनीने दिलेला फोम चौकोनी तुकडे उपटून आकार करायचा होता. तीन-चार महिन्यांत खाचांच्या कडा भुगा होऊ लागल्या, आणि तो भुगा ट्रिगरच्या आसपास शिरणे ही गंमत नव्हे. शिवाय तो तेल आणि दमटपणा दोन्ही शोषून घेतो. शेवटी भोसरीतील एका पॅकिंगवाल्याकडून घट्ट क्रॉसलिंक फोम मापाने कापून घेतला. त्याचा खर्च फार नाही, मात्र रायफल त्याच्याकडे न नेता जाड पुठ्ठ्यावर तिची बाह्यरेषा काढून न्यावी. डायॉप्टर, सिलिंडर, अॅलन किल्ल्या आणि फ्लॅग यांना स्वतंत्र खाचा करून घेतल्या. नव्या फोममुळे पाऊण किलो वजन वाढले, हे दुःख आहेच.

कड्या दणकट आहेत, सुरुवातीला इतक्या घट्ट होत्या की उघडताना नखे तुटत. आता बऱ्या झाल्या आहेत. कुलपे सोबत मिळत नाहीत. बोहरी आळीत घेतलेली साधी पितळी कुलुपे मी वापरतो, दोन्ही एकाच किल्लीची. चाके मात्र लहान आणि कडक आहेत. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर ती उत्तम धावतात, पण आमच्या गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकवरून केस ओढत नेली की अख्खी सोसायटी जागी होते. रिक्षात ती आडवी बसत नाही. उभी धरून, एक टोक बाहेर काढून लोहगावपर्यंत जाण्याचा प्रयोग कोणी करू नये. मोठी टॅक्सी सांगावी, आणि मागची सीट दुमडते की नाही ते आधी विचारून घ्यावे.

शेवटी नेमबाजाला महत्त्वाची गोष्ट एकच: घरी जुळवलेला झिरो, म्हणजे नेम धरू तिथेच छर्रा लागेल अशी साइटची जुळणी, तिकडे टिकतो का. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहाचे वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचे असते, तेव्हा 'जवळपास टिकतो' या उत्तराला अर्थ नसतो. कापडी बॅगेच्या काळात सरावाचा पहिला अर्धा तास साइट जुळवण्यातच जाई. आता डायॉप्टर रायफलीवरच्या रेलवर पूर्वीच्या खुणेवर बसवला की साइटच्या चक्रीच्या दोन-तीन क्लिकमध्ये काम होते, आणि त्यातलेही किती क्लिक तिथल्या प्रकाशाचे आणि किती प्रवासाचे हे सांगता येत नाही. स्टॉकचे (रायफलीच्या दस्त्याचे) स्क्रू मात्र टॉर्क किल्लीने तपासतोच. मॅचपूर्वी तयारी आणि सायटिंगसाठी (साइट जुळवण्याच्या, न मोजल्या जाणाऱ्या नेमांसाठी) पंधरा मिनिटेच मिळतात, ती साइटशी झटापट करण्यात जाऊ नयेत.

काडतुसांवर चालणाऱ्या .२२ बोअरच्या रायफलवाल्यांसाठी दोन शब्द. त्यांना परवाना लागतोच, आणि तो प्रवासाच्या राज्यात वैध असावा लागतो. काडतुसे मूळ खोक्यात, रायफलीपासून वेगळी बांधावी लागतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार एका प्रवाशाला खोक्यासह पाच किलोंची मर्यादा आहे आणि दोघांचा वाटा एका पुडक्यात एकत्र करता येत नाही. विमान कंपनीची स्वतःची मर्यादा याहून कमी असू शकते, म्हणून तिकीट काढतानाच लेखी विचारावे. पाचशे काडतुसांचे वजन पावणेदोन किलोंच्या आसपास भरते. काडतुसे रायफलीपासून वेगळी ठेवायची असल्यामुळे केसच्या झाकणातला काडतुसांसाठीचा कप्पा आपल्याकडे निरुपयोगी आहे. मी त्यात हातमोजा आणि पट्टे ठेवतो.

आयात शुल्क धरून ही केस तीस हजारांच्या पुढे गेली. वर्षातून एखादीच स्पर्धा बाहेरगावी असेल आणि ती भोपाळ-दिल्लीकडे असेल, तर झेलम एक्स्प्रेसने कापडी बॅग उशाशी घेऊन जाणे अजूनही स्वस्त आणि सोयीचे आहे, असे मी पालकांना सांगतो. वारंवार उडणाऱ्यांनी घ्यावी, पण रायफलीचे बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीस (गालाखालचा भाग) काढून मोजमाप करावे. एक आकार लहान केस पुरली तर दीड-दोन किलो वाचतात. आमच्या क्लबातील दोघांनी मिळून एक घेतली आहे आणि खर्चाच्या दृष्टीने ते शहाणपणाचे आहे. अडचण एवढीच की राष्ट्रीय स्पर्धेच्या आठवड्यात ती दोघांनाही हवी असते, आणि यंदा कोणाची पाळी आहे यावर त्यांचे अजून एकमत झालेले नाही.