वायफाय सुरू झालं आणि ५३,६२० रुपये गेले

मी साताऱ्यात राहते आणि घरूनच छोट्या दुकानदारांची जीएसटीची कामं करते. चौदा जण आहेत माझ्याकडे: किराणावाले, हार्डवेअरवाले, एक बेकरी, दोन कंत्राटदार. त्यातल्या सहा जणांचं ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, दर महिन्याच्या २० तारखेच्या आत भरावं लागतं. कर भरायचा असताना उशीर झाला, तर दिवसाला ५० रुपये दंड लागतो, आणि त्याहून वाईट म्हणजे माणसाचा आपल्यावरचा विश्वास जातो. १९ तारखेला संध्याकाळी साडेसहाला माझ्या लॅपटॉपचं वायफाय बंद पडलं. तीन रिटर्न अजून भरायचे होते.

खालच्या कोपऱ्यातलं पंख्यासारखं चिन्ह गेलं होतं आणि त्याच्या जागी पृथ्वीचा गोल आला होता. सेटिंगमध्ये पाहिलं तर वायफायची ओळच नाही, नुसता एअरप्लेन मोड, तोही बंदच. दोनदा रीस्टार्ट केलं. राउटर ठीक होता, कारण मुलीचा मोबाइल त्याच वायफायवर चालू होता. शेवटी मी मोबाइलवर लॅपटॉपच्या कंपनीचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर नंबर’ असं टाकून शोधलं. सगळ्यात वर जो क्रमांक आला तो लावला. त्या निकालावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं होतं. म्हणजे ती पैसे देऊन लावलेली जाहिरात होती. तो शब्द मी नंतर पाहिला.

फोन उचलणारा हिंदीत बोलत होता. आवाज शांत, मागे कॉल सेंटरसारखी गलबल. मॉडेल विचारलं, विकत घेतल्याचा महिना विचारला, तक्रार क्रमांक लिहून घ्यायला लावला. वॉरंटी दोनच महिन्यांपूर्वी संपलीय हे मीच सांगून टाकलं. मी साताऱ्याची म्हटल्यावर तो मोडक्या मराठीत म्हणाला, “ताई, जेवण झालं का? काळजी नको, अर्ध्या तासात करून देतो.” उद्या शेवटची तारीख आहे हेही मी त्याला सांगितलं. आपली घाई समोरच्याला कळली की तो तिचाच वापर करतो, हे मी त्या दिवशी शिकले.

वायफाय नाही तर तो लॅपटॉपमध्ये शिरला कसा, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. त्याने मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायला लावला आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करायला सांगितलं. मोबाइलचं नेट लॅपटॉपला मिळालं. खरं तर तिथेच माझी त्या रात्रीची अडचण संपली होती. त्या केबलवर मी तिन्ही रिटर्न भरू शकले असते. पण तोवर त्याने दूरून स्क्रीन चालवायचं ॲप उतरवून घ्यायला लावलं आणि त्यावर आलेला आकडा मी त्याला वाचून दाखवला. असं ॲप मुळात खोटं नसतं. मोठ्या ऑफिसांत आयटीवाले रोज वापरतात. पण तो आकडा देऊन परवानगीचं बटण दाबलं की आपला माऊस दुसऱ्याच्या हातात जातो.

मग त्याने मला तीन गोष्टी दाखवल्या. त्या नीट सांगते, कारण हीच तीन चित्रं दाखवून ते माणसाला घाबरवतात.

आधी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. लाल आणि पिवळ्या खुणांची लांबच्या लांब यादी. “मॅडम, ये सब वायरस है.” प्रत्यक्षात ती विंडोजची स्वतःची नोंदवही आहे. एखादा प्रोग्राम उशिरा उघडला तरी तिथे खूण पडते, आणि नव्याकोऱ्या लॅपटॉपमध्येही अशा खुणा सापडतात. मग सर्व्हिसेसची यादी उघडून ‘स्टॉप्ड’ लिहिलेल्या ओळींवरून माऊस फिरवला आणि म्हणाला, हॅकरने इतकं बंद केलंय. त्यातल्या कित्येक सेवा गरज लागेपर्यंत बंदच असतात. शेवटी काळी खिडकी उघडून काहीतरी टाइप केलं आणि भराभर आकडे आले. एका रकान्यावर लिहिलं होतं ‘फॉरिन ॲड्रेस’. तो म्हणाला, हे बाहेरच्या देशातले लोक आहेत, आत्ता तुमच्या लॅपटॉपमध्ये आहेत. तिथे ‘फॉरिन’चा अर्थ एवढाच की जोडणीचं पलीकडचं टोक. आपण साधी वेबसाइट उघडली तरी तिथे ओळ दिसते. मला हे काहीच ठाऊक नव्हतं, आणि चौदा लोकांचे पोर्टलचे पासवर्ड माझ्या एका एक्सेल फाइलमध्ये होते. माझे हातपाय गार पडले.

‘नेटवर्क सिक्युरिटी’चे ४,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ४,७२०. हिशोब बरोबर होता आणि जीएसटी लावलाय म्हणून मला तो खरा वाटला. यूपीआयवर पैसे पाठवताना पिनच्या आधी कंपनीचं नाही, कुणा बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, आमच्या अकाउंट्स मॅनेजर आहेत. पावती लगेच व्हॉट्सॲपवर आली. जीएसटी क्रमांक पंधरा अंकी-अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. दिवसभर मी तेच तपासते. त्या पावतीवर चौदाच होती. ती मी मोजली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून.

पैसे गेल्यावर तो म्हणाला, आता लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, आमचा सर्व्हर जोडला जाईल. मी केलं. चालू केल्यावर वायफाय आलं! मी त्याचे आभार मानले. रात्री अकरापर्यंत तिन्ही रिटर्न भरले आणि समाधानाने झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पुन्हा त्याचाच फोन. ४,७२० चुकून दोनदा कापले गेलेत, एकदाचे परत करायचे आहेत, लॅपटॉपवर नेट बँकिंग उघडून खात्री करा. ते ॲप मी काढलं नव्हतं. लॉगिन केलं आणि स्क्रीन काळी झाली. “रिफंड प्रोसेस होतंय, हात लावू नका.” मोबाइलवर एक ओटीपी आला, तो वाचला. मग दुसरा आला, तोही वाचला. पहिला नवं खातं जोडायचा होता आणि दुसरा त्या खात्यात पैसे पाठवायचा. दोन्ही मेसेजमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं होतं, मी फक्त सहा आकडे पाहिले. मग ४८,९०० रुपये वजा झाल्याचा मेसेज आला. मी ओरडले, फोन बंद झाला.

सासूबाई शेजारच्या खोलीत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं काम केलं ते लॅपटॉपची केबल आणि राउटरचं बटण दोन्ही बंद करण्याचं. मग ह्यांना फोन लावला. हे म्हणाले, रडू नंतर, आधी १९३० लाव. सायबर फसवणुकीची तक्रार करायचा हा सरकारी क्रमांक. ह्या क्रमांकावर मी पंचवीस मिनिटांच्या आत तक्रार नोंदवली. त्यांनी बँकेचं नाव, वेळ, रक्कम आणि बारा अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, विचारला. तो मेसेजमध्येच असतो, शोधण्यात वेळ घालवू नका. त्यांच्याकडून बँकांना निरोप जातो आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे थोपवले जातात. माझे ३१,००० त्यामुळे अडकले. उरलेले १७,९०० तोवर एटीएममधून काढलेले होते. यूपीआयचे ४,७२० आदल्या रात्रीच गेले होते. मी कालच ओळखलं असतं तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

बँकेत गेले तेव्हा मॅनेजरने समजावून सांगितलं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला ह्याबद्दल परिपत्रक काढलं होतं. चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर काही प्रकारांत ग्राहकाला तोटा सोसावा लागत नाही. पण ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर पुढे काही गेलं तर ते बँकेचं. म्हणून लाज वाटली तरी पहिल्या तासातच कळवायचं. घरच्यांना काय तोंड दाखवू ह्या विचारात मीसुद्धा दहा मिनिटं नुसती बसून होते.

त्या दिवशी मला सगळ्यात जड गेलं ते चौदा जणांना फोन करणं. तुमचा पासवर्ड कुणीतरी पाहिला असेल, आत्ता बदला, असं प्रत्येकाला सांगितलं. बेकरीवाले काका म्हणाले, “ताई, सांगितलंत हे बरं केलंत.” एका कंत्राटदाराने काम काढून घेतलं. त्याला मी दोष देत नाही.

लॅपटॉप मी राजवाड्याजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने माझ्यासमोर सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं, ५०० रुपये घेतले. वायफायचं विचारलं तर म्हणाला, “ताई, त्यात काही बिघाड नव्हताच. कधीकधी वायफायचं कार्ड अडकतं. लॅपटॉप बंद करून चार्जर काढून बटण दाबून धरलं की आत साठलेली वीज जाते आणि ते परत जागं होतं.” म्हणजे त्या माणसाने मला सांगितलेला उपाय खरा होता आणि तो फुकट होता. तरीही आलं नाही तर काय बघायचं तेही दुरुस्तीवाल्याने दाखवलं. वरच्या ओळीतलं विमानाचं किंवा टॉवरचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलंय का. जुन्या लॅपटॉपला कडेला सरकवायचं बटण असतं, ते सरकलंय का. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या लॅपटॉपच्या भागांच्या यादीत, वायरलेसच्या नावावर खाली जाणारा बाण असेल तर उजवी क्लिक करून एनेबल करायचं. पिवळा त्रिकोण असेल तर बहुधा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, बिघडलाय. तो मोबाइलचं नेट केबलने जोडून कंपनीच्याच साइटवरून घ्यायचा, पत्ता स्वतः टाइप करून. कंपनीचा खरा फोन क्रमांकही तिथेच मिळतो, नाहीतर लॅपटॉपसोबत आलेल्या वॉरंटी कार्डावर.

दोन महिन्यांनी वायफाय पुन्हा गेलं. मी बटण दाबून तीसपर्यंत मोजलं, आलं. ३१,००० अजून अडकलेलेच आहेत, ते परत मिळण्याची वाट पाहतेय.

त्या जाहिरातीची तक्रार मी तेव्हाच केली होती, ती जाहिरात निघालीही. काल रात्री तेच शब्द टाकून पुन्हा शोधलं. वर कंपनीचं नाव तेच होतं. फोन क्रमांक नवा होता.