५७ फुटी नॅरोबोट, एक हिवाळा काढल्यानंतर: इंजिन सोपं, बॅटरी आणि पाणी अवघड

नॅरोबोट म्हणजे इंग्लंडच्या अरुंद कॅनॉलवर चालणारी लांबट, चिंचोळी बोट. आमची बोट अशी: ५७ फूट लांब, ६ फूट १० इंच रुंद, पोलादी, मागे उघडा क्रूझर स्टर्न. ३८ अश्वशक्तीचं बीटा मरीनचं डिझेल इंजिन, पीआरएम १५० गिअरबॉक्स, घरगुती वापरासाठी ११० अँपिअर-तासाच्या चार लेड-अॅसिड बॅटऱ्या, इंजिन सुरू करायला वेगळी एक, आणि कोळशाची शेगडी. तळाचा पत्रा १० मिमी, बाजूचा ६, केबिनचा ४. इंग्लंडच्या कॅनॉलवर सेकंडहँड मिळणाऱ्या बोटींत हा अगदी सर्वसाधारण मामला. यापेक्षा लांब बोट घेतली तर कॅल्डर अँड हेबलसारख्या आखूड लॉकच्या (बोट वर-खाली नेणाऱ्या, दारं असलेल्या पाण्याच्या हौदांच्या) कॅनॉल मार्गांवर पंचाईत होते, म्हणून ही लांबी लोकप्रिय.

आठवडाभर भाड्याची बोट चालवून ‘आपणही एक घ्यावी’ असं वाटू लागलेल्यांसाठी हे लिहिलंय. भाड्याच्या बोटीची देखभाल यार्डवाले परस्पर उरकतात, त्यामुळे खरं काम काय असतं ते कळतच नाही. नवा मालक सहसा इंजिनाला घाबरतो आणि बॅटऱ्या, ओल, पाण्याचे पाइप यांच्याकडे बघत नाही. खर्च मात्र नेमका तिथेच होतो.

इंजिन आधी संपवू. बीटाचा गाभा कुबोटाचा, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि रचना साधी आहे. तेल २५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा. सुटीपुरतं फिरणाऱ्याचे वर्षाला तेवढे तास होतही नाहीत. पण बोटीतच राहणारा चार्जिंगसाठी रोज तीन-चार तास इंजिन चालवत असेल, तर अडीच महिन्यांत तेल बदलायची वेळ येते. दहा-पंधरा मिनिटं इंजिन गरम करा, बंद करा, इंजिनाच्या तळाच्या तेलपात्राला (संप) जोडलेल्या हातपंपाने तेल उपसा. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने तेल फासा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि मग पाऊण फेरा. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी सुटता सुटत नाही. तेल साधं मिनरल १५डब्ल्यू-४०. महागडं सिंथेटिक घालून इंजिन जास्त टिकेल हा गैरसमज आहे. कॅनॉलवर इंजिन तासन्‌तास हलक्या भारावर चालतं, आणि जुन्या धाटणीच्या इंजिनांत अशा वापराला फार उंची तेलाची जोड मिळाली तर सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होऊन तेल जळू लागतं. पीआरएम १५० गिअरबॉक्सला इंजिनाचंच तेल चालतं. हर्थच्या छोट्या गिअरबॉक्सला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं. ही गल्लत करू नका.

बहुतेक नॅरोबोटींत कॅनॉलचं पाणी इंजिनात येत नाही. बाजूच्या पत्र्याला आतून जोडलेल्या स्किन टँकमधून कूलंट फिरतं आणि बाहेरचं पाणी त्या पत्र्याला थंड ठेवतं. त्यामुळे समुद्रातल्या बोटीसारखा इम्पेलर बदलायची कटकट नाही. इंजिन तापायला लागलं की पहिला संशय एअरवर, म्हणजे कूलंटमध्ये अडकलेल्या हवेवर घ्या: टँकच्या माथ्यावरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढा, मग कूलंट पुरं करा. निळं अँटीफ्रीझ दर दोन वर्षांनी बदलायचं. कॅनॉलवर ठीक पण नदीवर प्रवाहाविरुद्ध जाताना तापत असेल, तर टँकच लहान असण्याची शक्यता आहे. ढोबळ हिशेब असा की अश्वशक्तीला चारने भागलं की किती चौरस फूट पत्रा लागतो ते कळतं. ३८ला साधारण साडेनऊ.

डिझेलचा त्रास बहुधा पाण्यामुळे होतो. अर्धवट भरलेल्या टाकीत थंडीत दव धरतं, ते तळाशी साचतं, आणि पाणी व डिझेलच्या सीमेवर जंतू वाढून काळा बुळबुळीत गाळ होतो. म्हणून हिवाळ्यात टाकी भरलेली ठेवा, पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या तळाचा स्क्रू महिन्यातून एकदा सोडून थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढून बघा, आणि डेकवरच्या भरणीच्या झाकणाची रबरी रिंग तपासा. पावसाचं पाणी आत जायची ती हमखास जागा, आणि ती रिंग अगदी किरकोळ किमतीची.

स्टर्न ग्लँड हा भाग दोनदा-तीनदा हाताळल्याशिवाय समजत नाही. प्रोपेलरचा शाफ्ट जिथे बोटीबाहेर जातो तिथे ग्रीस लावलेल्या दोरीच्या कड्या दाबून बसवलेल्या असतात. चालताना मिनिटाला काही थेंब ठिबकले तर चालतं. थांबल्यावर मात्र ठिबकणं बंद व्हायला हवं. रोज बोट बांधली की ग्रीसरचं हँडल जड लागेपर्यंत फिरवायचं. तरीही थेंब थांबत नसतील तर दोन्ही नट सारखे, एका वेळी षटकोनाची एकच बाजू सरकेल इतके आवळा. अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर हात लावून बघा: कोमट ठीक, चटका बसला तर जास्त आवळलंय. तसंच चालवलं तर शाफ्टवर चर पडतात, आणि मग कुठलीही पॅकिंग टिकत नाही. आवळायला जागाच उरली नसेल तर कड्या बदला. दोरीची जाडी काढायला, कड्या बसतात त्या डब्याच्या आतल्या व्यासातून शाफ्टचा व्यास वजा करून दोनने भागा. कडीची टोकं तिरकी कापा आणि प्रत्येक कडीचा सांधा आधीच्या सांध्यापासून १२० अंशांवर ठेवा. बोट पाण्यात असतानाही हे करता येतं. आधी ट्यूबमध्ये भरपूर ग्रीस भरा, बिल्ज (बोटीच्या तळातली पाणी साचायची जागा) उपसणारा पंप चालतो ना ते बघा, आणि नव्या कड्या कापून तयार असल्याशिवाय जुन्या काढू नका. ग्लँडऐवजी रबरी सील असेल तर बोट पुन्हा पाण्यात उतरवल्यावर तो चिमटीत दाबून आतली हवा काढावी लागते. ती राहिली तर सील कोरडा घासून जळतो.

त्याच्याच मागे वीड हॅच, म्हणजे प्रोपेलरपर्यंत हात घालायचं झाकण. प्रोपेलरला प्लास्टिक, साडीचं कापड, दोर, तार काहीही गुंडाळतं. (साडी खरंच. लेस्टर, बर्मिंगहॅमच्या वस्तीतून जाताना हा अनुभव बऱ्याच जणांना येतो.) धूर काळा झाला, वेग पडला, मागे पाणी नुसतंच घुसळतंय असं दिसलं की थांबा. इंजिन बंद, किल्ली खिशात, मग झाकण उघडा. दातेरी पावाची सुरी, करवतीचं पातं आणि तारेची पक्कड कायम तिथेच टांगलेली असावी. बंद करताना झाकणाचा सील पुसून क्लँप पूर्ण आवळा आणि गिअर टाकून मिनिटभर तिथेच बघत उभे राहा. झाकण नीट बसलं नसेल तर प्रोपेलरच पाणी इंजिनच्या खोलीत फेकतो. बोटी अशा बुडालेल्या आहेत.

आता खरं दुखणं: वीज.

चार बॅटऱ्या मिळून कागदावर ४४०, पण लेड-अॅसिड अर्ध्याखाली नेली की आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हाताशी २२० अँपिअर-तास. १२ व्होल्टचा फ्रिज दिवसाला ३० ते ५० खातो. त्यात दिवे, पंप, फोन, आणि विसरून चालू राहिलेला इन्व्हर्टर. हे सगळं परत भरायला काही तास पुरतील असं वाटतं, कारण १७५ अँपिअरचा ऑल्टरनेटर सुरुवातीला जोरात भरतो. पण ८० टक्क्यांनंतर बॅटरी स्वतःच कमी करंट घेते आणि शेवटचे २० टक्के भरायला चार-सहा तास लागतात. रोज ८० टक्क्यांवर थांबलात तर प्लेटांवर सल्फेट घट्ट होत जातं आणि वर्षभरात ४४०ची बँक २५०सारखी वागू लागते. बॅटरी ‘खराब निघाली’ अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ इथे असतं.

पूर्ण भरली हे कसं ओळखायचं? टक्केवारी दाखवणाऱ्या मॉनिटरवर विसंबू नका. बॅटरीची क्षमता घटली हे त्याला आपण सांगेपर्यंत कळत नाही, म्हणून तो आनंदाने १०० दाखवत राहतो. १४.४ व्होल्टवर असताना आत जाणारा करंट बघा: तो क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांवर, म्हणजे ४४०साठी ४ ते ९ अँपिअरवर येऊन स्थिरावला की भरली. विसावलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते तेव्हा भरलेली, १२.२ला साधारण अर्धी. आठवड्यातून एकदा तरी पूर्ण भरलीच पाहिजे. उन्हाळ्यात सोलर पॅनल हे काम विनातक्रार करतं, पण डिसेंबरात त्याच्याकडून जवळजवळ काहीच मिळत नाही. बांधलेल्या बोटीत इंजिन रात्री ८ ते सकाळी ८ चालवायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे ‘संध्याकाळी बघू’ हे धोरण हिवाळ्यात फसतं. थेट लिथियमकडे वळायचं असेल तर ऑल्टरनेटरचा विचार आधी करा. लिथियम बॅटरी शेवटपर्यंत पूर्ण करंट ओढते, हलक्या वेगावर ऑल्टरनेटरचा पंखा कमी हवा देतो आणि वळणं जळतात. मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर किंवा तापमान बघणारा रेग्युलेटर हवाच.

आणखी एक, वायरिंग. फ्रिज मधेच बंद पडतो म्हणून लोक बॅटरी बदलतात, पण दोष बारीक वायरचा असतो. बॅटरीपासून १२ मीटरवर फ्रिज, म्हणजे जाऊन-येऊन २४ मीटर तांबं. २.५ चौरस मिमीच्या वायरमध्ये ५ अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट वाटेतच जातो. १० चौरस मिमी घातली की तोच तोटा ०.२ होतो. साधा मल्टिमीटर घेऊन फ्रिज चालू असताना फ्रिजपाशी आणि बॅटरीपाशी मोजा, पाच मिनिटांत निकाल.

मग पाणी, म्हणजे आतलं. केबिनच्या तळाशी, अगदी मागच्या टोकाला एक लहान तपासणीचं झाकण असतं. बोट मागे किंचित दबलेली असल्यामुळे कुठलीही गळती शेवटी तिथे येते. बोट घेताना ते सापडत नसेल तर विक्रेत्याला विचारा. खरोखर नसेल तर कापून घ्या. ओल दिसली की लगेच ‘पत्र्याला भोक पडलं’ असं धरून घाबरायचं कारण नाही. कोरडं पुसा, टिश्यू पेपर टाका, रात्रभर पाण्याचा पंप बंद ठेवा. सकाळी टिश्यू कोरडा असेल तर गळती नळाच्या बाजूची. पंप चालू असताना कोणी नळ न उघडता मधेच दोन सेकंद घरघरला, तर तीच खूण. नेहमीचे गुन्हेगार: शॉवरच्या ट्रेचा सांधा, पंपाच्या गाळणीची जोडणी, आणि गरम पाण्याच्या टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह, ज्याची नळी काही बोटींत बाहेर काढण्याऐवजी बिल्जमध्येच सोडलेली असते. खिडक्यांच्या फ्रेमखालची निचऱ्याची बारीक भोकं शेवाळाने बुजली की पाणी आतल्या लाकडावर उतरतं. तारेने मोकळी करा. आणि थंडीत छतावरचे व्हेंट बुजवू नका. दवही वाढतं आणि शेगडी-गॅसच्या बोटीत ते जिवावर बेततं.

बोट हिवाळ्यात रिकामी राहणार असेल तर पंप बंद करून टाकीच्या तोंडाचा कॉक फिरवा, सगळे नळ उघडे ठेवा, गरम पाण्याची टाकी, पंप आणि गाळणी रिकामी करा. सर्वांत आधी फुटतो तो शॉवरचा मिक्सर, कारण त्याच्या पोटात कपभर पाणी राहतं. शॉवरचं डोकं खाली टेकवून ठेवलं की तेही निघतं.

बाहेरचा पत्रा. बिट्यूमेनचं ब्लॅकिंग (पाण्याखालच्या पत्र्याला लावायचा डांबरासारखा काळा रंग) दर दोन-तीन वर्षांनी, टू-पॅक इपॉक्सी (दोन घटक मिसळून लावायचा कडक रंग) कितीतरी जास्त टिकतं. पण इपॉक्सी जुन्या बिट्यूमेनवर धरत नाही, आधी ब्लास्टिंग (जोराने खर मारून रंग उडवणं) करून पत्रा उघडा करावा लागतो आणि खर्च कित्येक पट होतो. घरच्या घरी करायचं तर बिट्यूमेन. ड्राय डॉकमध्ये (पाणी काढून टाकलेल्या गोदीत) प्रेशर वॉश, खरवडणं, पत्रा पूर्ण कोरडा, मग तीन हात, आणि पाण्याच्या रेषेच्या पट्ट्यात एक जादा, कारण लॉकच्या भिंती आणि तरंगणारा कचरा तिथेच घासतो. रंगवायचं क्षेत्रफळ ३५ ते ४० चौरस मीटर धरा. लिटरला सहा चौरस मीटर हिशेबाने २० लिटरचा डबा तीन हातांना जेमतेम पुरतो. पत्र्यावर वेल्ड केलेल्या मॅग्नेशियमच्या अॅनोडना रंग लागू देऊ नका. पत्र्याऐवजी त्यांनी झिजावं म्हणूनच ते आहेत. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमच, जस्ताचे समुद्रासाठी. मरीनाची (बोटी बांधायच्या तळाची) वीज घेत असाल तर मध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर हवा. नाहीतर अर्थच्या वायरवाटे शेजारच्या बोटींशी सर्किट जुळतं आणि आपला पत्रा खाल्ला जातो. बोट वर असतानाच सर्व्हेयरकडून जाडी मोजून घ्या. ४ मिमीच्या खाली गेलेल्या पत्र्यावर अनेक विमा कंपन्या वरून नवा पत्रा लावायला सांगतात.

शेगडीबद्दल थोडंच. दाराच्या कडेची सीलची दोरी चपटी झाली की हवा आत शिरते, शेगडी आवरत नाही, आणि कोळसा दुप्पट जातो. कागदाची पट्टी दारात धरून ओढा, सहज निघाली तर दोरी बदला. इंग्लंडमध्ये मे २०२३पासून साध्या घरगुती कोळशाची विक्री बंद आहे, स्मोकलेसच (कमी धुराचा) मिळतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बोट सेफ्टी स्कीमच्या (बोटींच्या सुरक्षेच्या) तपासणीत २०१९पासून सक्तीचा आहे. ही तपासणी दर चार वर्षांनी, आणि तिच्याशिवाय लायसन्स नाही. गॅसला स्वतः हात लावू नका. बोटीतल्या एलपीजीची पात्रता असलेला गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणीकृत माणूस बोलवा. सिलिंडर मात्र प्रोपेनचाच घ्या. ब्युटेन गोठणबिंदूच्या आसपास वायू देणं थांबवतो आणि ऐन थंडीत चहा अडतो.

शिकायचं कुठे? आरवायएचा (ब्रिटनमधली नौकानयनाची राष्ट्रीय संघटना) एक दिवसाचा डिझेल इंजिनचा कोर्स पैसे वसूल आहे. बंद पडलेल्या बोटींच्या मदतीला येणारी रिव्हर कॅनॉल रेस्क्यू ही कंपनीही नॅरोबोटच्या इंजिनांवर शिकवते, आणि ते शिक्षण कॅनॉलच्या अंगाने असल्यामुळे जास्त उपयोगी. विजेचं शिक्षण मात्र दोन्हीकडे तोकडंच पडतं. ते मल्टिमीटर हातात घेऊन आपल्याच बोटीवर करावं लागतं. पहिल्या आठवड्यात एक काम करा: फ्यूजच्या डब्यातला एकेक फ्यूज काढून काय बंद पडतं ते बघा आणि डब्याच्या झाकणावर लिहा. आधीच्या मालकाने लावलेल्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवू नका.