आधी ताट की आधी तास?

शाळेकडे पैसा आणि माणसं मोजकीच असतात. त्यामुळे मुलांच्या खाण्याचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न हाच पडतो: आधी स्वयंपाकघर सुधारायचं, की वर्गात आहाराचे तास सुरू करायचे?

तासांचा मार्ग सोपा आणि स्वस्त. चार तक्ते, एखादं व्याख्यान, की झाली सुरुवात. पण 'भाज्या खाव्यात' असं उत्तर लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुलगी तासाभराने ताटातली गाजरं कडेला सारते. तिला कळत नाही असं नाही. गाजरं शिजून गिळगिळीत झालेली असतात, आणि त्यावर तक्त्याचा इलाज नाही.

स्वयंपाकघराच्या मार्गात कष्ट जास्त. खरेदी बदलावी लागते, स्वयंपाक करणाऱ्यांना विश्वासात घ्यावं लागतं, आणि सुरुवातीला बरंच अन्न ताटात उरतं. नेमक्या इथेच शाळा कच खातात. नवी भाजी दोनदा टाकली गेली की 'मुलं खात नाहीत' म्हणून ती कायमची बंद! खरं तर अनोळखी चव अंगवळणी पडायला लहान मुलांना ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा चाखावी लागते. तेवढा धीर असेल तरच या वाटेला जा. थोडीच वाढा, बळजबरी नको. फायदा मात्र प्रत्येक मुलाला होतो, ज्याच्या घरी तक्त्यातलं काहीच परवडत नाही त्यालाही. मिठाचंच बघा. मोठ्यांनी दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांसाठी तर मर्यादा आणखी खाली. शाळेच्या पातेल्यात मीठ घालणारा हात काही मुलांचा नसतो.

म्हणून माझा कौल स्वयंपाकघराला. शिवाय ताट सुधारलं की शिकवणं त्याच्या मागोमाग येऊ शकतं. फिनलंडमध्ये 1948 पासून शाळेत सगळ्या मुलांना मोफत जेवण मिळतं. तिथे वाढपाच्या टेबलाशी नमुन्याचं ताट मांडतात: अर्धं भाज्यांचं, पाव भाग बटाटा किंवा भात, उरलेल्या पावात मासे, मांस किंवा डाळी-कडधान्यं. ते बघून मुलं आपलं ताट भरतात. जपानमध्ये आहारशिक्षणाचा कायदाच 2005 साली झाला. तिथल्या प्राथमिक शाळांत मुलं आळीपाळीने वाढप करतात आणि शिक्षक त्यांच्याबरोबर वर्गातच जेवतात.

हाताशी पैसाच नसेल, तर निदान वेळापत्रक बदला. खेळाची सुट्टी आधी, जेवण नंतर. खेळायला पळायची घाई नसली की मुलं भाजी-फळं जास्त खातात.

शाळेत स्वयंपाकघरच नसेल आणि मुलं घरून डबा आणत असतील, तर मात्र तासच आधी घ्यावे लागतील. पण मग त्या तासाला पालकांनाही बोलवा, आणि मुलांच्या हाती तक्त्याऐवजी भाजी द्या: निवडायला, धुवायला, चिरायला आणि तिथेच चाखून बघायला.