‘डिअर फ्रेंड, परत पाठवू नका’: परदेशातून मागवलेली ब्रुइंग केटल बिघडते तेव्हा

परदेशातून स्वस्तात मागवलेली, घरी बिअर बनवायची केटल सदोष निघाली की पैसे परत न देण्याची एक फसवणूक सुरू होते. या फसवणुकीत विक्रेता ‘पैसे देणार नाही’ असं कधीच म्हणत नाही. तो रोज उत्तर देतो, गोड बोलतो, व्हिडिओ मागतो, सुटा भाग पाठवतो म्हणतो, आणि तेवढ्यात तक्रारीची मुदत उलटून जाते. मग यंत्र माळ्यावर जातं आणि पैसे त्याच्याकडे राहतात. म्हणून पहिली गोष्ट: पैसे भरल्यापासूनच कॅलेंडरात तारखा मांडत चला. कोणत्या, ते पुढे येईलच.

हे मुख्यतः ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. तिथे 1963 पासून घरच्यापुरती बिअर बनवायला परवाना लागत नाही, फक्त ती विकता येत नाही. महाराष्ट्रात तसं नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली इथे परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, त्यामुळे हे वाचून कुणी पुण्या-नाशिकच्या पत्त्यावर असलं यंत्र मागवू नये.

यंत्र म्हणजे 30-35 लिटरचं स्टीलचं विजेचं पातेलं. तळाखाली हीटर, आत माल्ट (मोड आणून वाळवलेलं बार्लीसारखं धान्य) ठेवायची जाळीची बादली, खाली तोटी, बाजूला छोटा पंप आणि समोर तापमानाचा आकडा दाखवणारं पॅनेल. नावाजलेल्या कंपन्यांची केटल महाग पडते. तशीच दिसणारी, नाव नसलेली केटल बरीच स्वस्त मिळते आणि जाहिरातीत ‘यूके स्टॉक’ असं लिहिलेलं असतं. फसवणूक बहुतेक वेळा इथेच सुरू होते. माल पोचायला पंधरा-वीस दिवस लागतील असं खाली बारीक अक्षरात लिहिलं असेल, तर तो माल ब्रिटनमध्ये नाही. पैसे भरण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न लेखी विचारा: ‘वस्तू सदोष निघाली तर ती कोणत्या पत्त्यावर परत घ्याल आणि पाठवणावळ कोण देईल?’ पूर्ण पत्ता न देता ‘काळजी करू नका’ एवढंच उत्तर आलं, तर तिथे पैसे भरू नका.

खोकं आलं की त्यावरची चिठ्ठी दिसेल असा व्हिडिओ सुरू करा आणि तो न थांबवता खोकं उघडा. आतली थर्मोकोलची बैठक, खोक्याला पडलेले पोचे, केटलच्या बुडाखालची पाटी हे सगळं त्यात यायला हवं. पाटीवर व्होल्ट आणि वॅट छापलेले असतात. पाटीवर 110 व्होल्ट असेल तर प्लग लावूच नका. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. 115 व्होल्टवर 1500 वॅट देणारा हीटर 230 व्होल्टला जोडला, तर तो 6000 वॅट ओढू लागतो. फ्यूज आधी उडाला तर ठीक, नाहीतर हीटर जळतो आणि विक्रेता म्हणतो की तुम्हीच जाळलात.

मग प्लग बघा. केटलला दोन पिनांचा प्लग आणि सोबत प्लास्टिकचं अडॅप्टर आलं असेल, तर पुढे चाचणीही नको. 1994 च्या प्लग-सॉकेट सुरक्षा नियमांप्रमाणे ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणाला तिथल्या मानकाचा तीन पिनांचा प्लग असावा लागतो. पैसे परत मागायला हे मोठं आणि निर्विवाद कारण आहे, कारण ते फोटोत दिसतं, त्यावर वाद घालता येत नाही. तीन पिना असल्या तरी आर्थिंग तपासाच. मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक प्लगच्या आर्थ पिनेला आणि दुसरं पातेल्याच्या उघड्या स्टीलला लावा. आकडा 1 ओहमच्या आत आला पाहिजे. मीटर ‘ओएल’ (मोजमापाच्या पलीकडे) दाखवत असेल, तर आर्थची तार आत कुठेच जोडलेली नाही. पाण्याने भरलेलं, तीन हजार वॅटचं, ओल्या हाताने हाताळायचं ते धातूचं भांडं जीव घेऊ शकतं. मीटरचा आकडा आणि दोन्ही टोकं एकाच फोटोत घ्या.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच पाणी भरा, आणि फक्त पाणी. माल्टचा एक दाणाही आत जाऊ देऊ नका. माल्ट शिजवल्याच्या खुणा दिसल्या की ‘वस्तू वापरलेली आहे’ हे उत्तर तयारच असतं. शिवाय माल्टचं पीठ तळाशी बसून करपलं, तर बुडाखालचा सुरक्षा-स्विच हीटर बंद करतो. हा यंत्राचा दोष नाही, उलट त्याचं ते कामच आहे. पण खरा दोष असलेल्या यंत्राच्या बाबतीतही विक्रेता हेच कारण पुढे करतो. साध्या पाण्यावर चाचणी केली की त्याला ही पळवाट उरत नाही.

25 लिटर पाणी 20 अंशांवरून 100 अंशांवर न्यायला साधारण 2.3 युनिट वीज लागते. म्हणजे खऱ्या 3000 वॅटच्या हीटरला किमान 47 मिनिटं, आणि भांड्याची उष्णता बाहेर जाते ती धरून 50 ते 55. झाकण ठेवूनही सव्वा तास लागत असेल, तर आत 2000 वॅटचाच हीटर बसवलेला असण्याची शक्यता दाट. प्लग आणि भिंत यांच्यामध्ये लावायचं छोटं वॅटमीटर मिळतं, ते लावून चालू हीटरचा आकडा फोटोत घ्या. ‘फार हळू तापतं’ ही तक्रार आहे. ‘पाटीवर 3000, मीटरवर 1960’ हा पुरावा आहे.

तापमानाबद्दल मात्र प्रामाणिक राहायला हवं. या केटलचा सेन्सर तळाला असतो. पंप बंद असताना खालचं पाणी वरच्यापेक्षा दोन-तीन अंश गरम असणं स्वाभाविक आहे, त्यावरून तक्रार केली तर खरी तक्रारही हलकी ठरते. पंप चालू ठेवा, पॅनेलवर 66 अंश लावा, पंधरा मिनिटं जाऊ द्या, ढवळा आणि मग मधल्या पातळीवर स्वतःचा थर्मामीटर बुडवा. तो थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो ना, ते पाहून घ्या. इतकं करूनही चार-पाच अंशांचा फरक राहिला तर दोष नक्की. माल्ट 66 ऐवजी 71 वर भिजलं, तर स्टार्चची आंबवता येणारी साखर कमी होते आणि बिअर गोडसर, जड राहते. तोटीचा वॉशर ठिबकत असेल तर त्यासाठी भांडू नका, काही पेन्सात सिलिकॉनचा वॉशर मिळतो.

स्टीलचीही एक गोष्ट. जाहिरातीत ‘304’ लिहितात आणि आत 201 देतात. 304 मध्ये निकेल 8 टक्क्यांच्या वर असतं, 201 मध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून ते लवकर गंजतं. लोहचुंबक लावून यातला फरक कळत नाही, दोन्ही जवळजवळ चिकटत नाहीत. पाणी उकळून, ओतून, रात्रभर तसंच ठेवून सकाळी जोडांच्या रेषेवर आणि तोटीच्या भोकाच्या कडेला बघा. तपकिरी ठिपके असतील तर जवळून फोटो घ्या, बोटाने पुसून बोटाचाही घ्या.

आता तक्रार. पहिला संदेश खरेदी जिथे केली त्या संकेतस्थळाच्या आतूनच पाठवा. विक्रेता लगेच व्हॉट्सॲपवर यायला सांगतो. जाऊ नका, तिथलं बोलणं पुढे कुणी पुरावा म्हणून धरत नाही. उत्तर ठरलेलं असतं: ‘डिअर फ्रेंड, परत पाठवणं खर्चिक आहे, आम्ही 10 टक्के परत देतो, वस्तू ठेवून घ्या.’ नाही म्हटलं की 15, मग 25, मग ‘बॉसला विचारून’ 35. प्रत्येक पायरीला तीन-चार दिवस जातात. यातली एक जरी रक्कम स्वीकारली, तरी अनेक ठिकाणी तक्रार आपोआप मिटली असं धरलं जातं आणि पुन्हा उघडत नाही. दुसरा डाव सुट्या भागाचा. ‘नवं कंट्रोल बोर्ड पाठवतो, तोवर डिस्प्यूट बंद करा.’ डिस्प्यूट म्हणजे पैसे परत मिळावेत म्हणून संकेतस्थळाकडे किंवा पेमेंट सेवेकडे नोंदवलेली तक्रार. बोर्ड महिन्याने येतं, बसवायला बूड उघडावं लागतं, कनेक्टर जुळत नाही, आणि मग उत्तर येतं की तुम्ही यंत्र खोललंत, आता जबाबदारी आमची नाही. भाग पाठवायचा तर खुशाल पाठवू द्या, पण तो लागून यंत्र चालेपर्यंत डिस्प्यूट बंद करायचा नाही, आणि विजेचं काम येत नसेल तर स्क्रूलाही हात लावायचा नाही.

तिसरा डाव सगळ्यात महागात पडतो: ‘ठीक आहे, परत पाठवा, मिळालं की पूर्ण पैसे देतो.’ पत्ता चीनमधला. केटलचं वजन 12 किलो, पण कुरिअर हवाई पार्सल आकारमानावर मोजतं. खोकं 45 बाय 45 बाय 75 सेंटिमीटर असेल, तर गुणाकाराला 5000 ने भागून येतात 30 किलो. पैसे तीस किलोचे भरायचे. तिथे पोचल्यावर विक्रेता पार्सल घेतच नाही किंवा तिथलं सीमाशुल्क भरत नाही, आणि पार्सल पडून राहतं नाहीतर तुमच्याच खर्चाने माघारी येतं. सदोष माल परत न्यायचा खर्च ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे विक्रेत्यावर आहे. म्हणून उत्तर एकच: ‘पैसे भरलेलं लेबल पाठवा, खोकं तयार आहे.’ लेबल आलंच तर त्यावरचा पत्ता, शहर आणि पिनकोड विक्रेत्याच्या नोंदणीच्या पत्त्याशी ताडून बघा. भलत्याच पत्त्यावर माल ‘पोचला’ की वाद हरलात म्हणून समजा. खोक्यात घालण्याआधी पंपातलं पाणी नळीतून फुंकून काढा आणि दोन दिवस वाळवा, नाहीतर ओलीने आलेली बुरशी तुमच्या माथी येते. सीमाशुल्काच्या फॉर्मवर ‘सदोष माल, परत’ असं लिहा आणि किंमत खरी टाका. विक्रेत्याने माल पाठवताना कर वाचवायला ‘किचन पॉट, 25 डॉलर’ असं लिहिलेलं असतं. ती चिठ्ठी फाडू नका, त्याची लबाडी कागदावर दाखवणारी तीच आहे.

पैसे खरे सुटतात ते विक्रेत्याकडून नव्हे, ज्या वाटेने दिले त्या वाटेने. वस्तूची किंमत 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पर्यंत असेल आणि पैसे क्रेडिट कार्डाने दिले असतील, तर 1974 च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याचं कलम 75 लागू होतं. बँक विक्रेत्याइतकीच जबाबदार. परदेशी विक्रेत्यालाही ते लागू आहे, हे 2007 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, स्पष्ट केलं. बँकेच्या फोनवरच्या माणसाला हे ठाऊक नसेल तर कलमाचा आकडा सांगून लेखी अर्ज द्या. एक मोठी फट मात्र आहे. पैसे थेट विक्रेत्याला न जाता मध्यस्थ बाजारपेठेला किंवा पेमेंट सेवेला गेले असतील, तर कलम 75 ची साखळी तुटते आणि बँक बहुतेक वेळा दावा नाकारते. म्हणून असल्या खरेदीत विक्रेत्याच्या स्वतःच्या दुकानात, थेट क्रेडिट कार्डाने पैसे द्यावेत. बँक ट्रान्सफर तर कधीच नको.

डेबिट कार्ड असेल किंवा मध्ये बाजारपेठ असेल, तर चार्जबॅक मागा, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत उलटे मागा. त्याची मुदत साधारण 120 दिवस. पेपल या पेमेंट सेवेत पैसे भरल्यापासून 180 दिवसांत डिस्प्यूट उघडता येतो, पण उघडल्यावर 20 दिवसांत तो ‘क्लेम’मध्ये, म्हणजे पेपलनेच निकाल द्यावा अशा मागणीत, बदलावा लागतो. नाही बदलला तर आपोआप बंद होतो आणि पुन्हा उघडत नाही. वर सांगितलेली गोड बोलणी बरोबर या वीस दिवसांसाठी असतात. कॅलेंडरात तारखा मांडायच्या त्या याच: माल हातात आल्यापासून 30 दिवस, कारण तेवढ्यात सदोष माल सरळ नाकारून पूर्ण पैसे मागता येतात, डिस्प्यूट उघडल्यापासून 15 दिवस, म्हणजे पाच दिवस हाताशी राहतील, आणि चार्जबॅकसाठी 90. बँकेने दावा नाकारला किंवा आठ आठवड्यांत अंतिम उत्तर दिलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे फुकट तक्रार करता येते. अंतिम उत्तर आल्यावर त्याला सहा महिने असतात.

सीमेवर भरलेला कर वेगळा सोडवावा लागतो, तो विक्रेता देत नाही. 135 पौंडांपर्यंतच्या मालावरचा व्हॅट 2021 पासून विक्रीच्या वेळीच घेतला जातो, त्यामुळे तो रिफंडमध्ये धरून मागायचा. त्याहून महाग माल टपालाने आला असेल तर परतफेडीसाठी ‘बीओआर 286’ फॉर्म, कुरिअरने आला असेल तर ‘सी 285’. कुरिअरवाल्याची हाताळणी फी त्यात परत मिळत नाही.

केटलसोबत कार्बन डायऑक्साइडचा रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या वायूचा दाब कमी करणारा भाग) घेणाऱ्यांनी नटाचा आटा तपासावा. अमेरिकी सिलिंडरचा आटा 0.825 इंचाचा, ब्रिटनमधला 0.860 इंचाचा, आणि दोन्हींत इंचाला 14 च आटे. डोळ्यांना ते सारखे दिसतात. बसत नाही म्हणून पाना लावून जोर करू नका, टेप गुंडाळू नका. 20 अंशांवरही त्या बाटलीत 57 बारच्या आसपास दाब असतो. ‘जाहिरातीत ब्रिटिश आटा, आला अमेरिकी’ असा कॅलिपरचा फोटो जोडून पैसे मागा.

बँकेने रक्कम खात्यात टाकली की लगेच यंत्र टाकून देऊ नका. चार्जबॅकची ती रक्कम आधी तात्पुरती असते आणि विक्रेत्याला हरकत घ्यायला काही आठवडे मिळतात. प्रकरण बंद झाल्याचं बँकेचं पत्र येईपर्यंत केटल खोक्यातच राहू द्या, प्लगला ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी बांधा. पत्र आल्यावर आर्थ नसलेलं यंत्र कुणाला स्वस्तात किंवा फुकट देऊ नका. प्लग कापा, मग कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रात विजेच्या भंगारात टाका, आणि पाटीचा फोटो सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक सेवेमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्स या ग्राहक संरक्षणाच्या खात्याकडे पोचवा.